टेबल किती डिग्रीचं, ते पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत फ्रान्समधल्या एका टेबलाची बातमी आली होती, विजेशिवाय खोलीचं तापमान सांभाळणारं टेबल म्हणून. बातमी चांगली होती, फोटो पण झकास. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी वर्कशॉपचं शटर अर्धं वर करतोय तोवर एक गिऱ्हाईक ते कात्रण हातात घेऊन उभं, म्हणे मिस्त्री असलं टेबल करून द्या, एसी घ्यायचा रद्द केलाय. दुपारी अजून एक. मग फोन सुरू झाले. आत्तापर्यंत पाच जण झालेत, म्हणून म्हटलं प्रत्येकाला वेगळं समजावत बसण्यापेक्षा तुमच्याकडंच लिहावं, कारण सुरुवात तुम्ही केलीय.

माझं सांगलीत फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे, तीस वर्षं झाली. ते टेबल खोटं नाही हे आधीच सांगतो, नाहीतर म्हणाल मिस्त्रीला धंद्याची भीती वाटली. रफाएल मेनार आणि जाँ-सेबास्तियाँ लाग्रांज अशा दोघांनी ते केलंय. वर ओक लाकडाचा टॉप, खाली पन्हळी अॅल्युमिनियमचा पत्रा, आणि दोन्हीच्या मधे मेणासारखा एक पदार्थ भरलाय जो २२ डिग्रीला वितळतो. खोली २२ च्या वर गेली की तो खोलीतली उष्णता ओढून घेत वितळत राहतो, आणि २२ च्या खाली आली की परत गोठताना तीच उष्णता सोडतो. बर्फ वितळताना ग्लासातलं पाणी बर्फ संपेपर्यंत तापत नाही, तोच प्रकार.

आता गंमत ही आहे की हे मशीन तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या बाथरूमच्या फळीवर आहे. खोबरेल तेलाची बाटली. ते तेल साधारण २४ डिग्रीला वितळतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं सकाळी ती बाटली दगड झालेली असते, आमच्या घरी ती गॅसशेजारी ठेवतात नाहीतर गरम पाण्याच्या बादलीत उभी करतात, आणि दुपारी बघावं तर आपोआप पातळ. म्हणजे थंडीत सांगलीत रोज एकदा गोठणं आणि एकदा वितळणं होतं, आणि टेबलाला नेमकं तेवढंच पाहिजे असतं. पण मार्च लागला की बघा, बाटली दिवसरात्र पातळ. एप्रिलात पातळ, मेमधे पातळ. मग २४ चं तेल जिथं रात्री गोठत नाही तिथं २२ वालं मेण कुठनं गोठणार हो? एकदा वितळलं की वितळलं, ते जूनपर्यंत तसंच पातळ पडून राहणार आणि त्याच्यावर तुम्ही जेवणार, बास. पॅरिसमधे रात्र गार पडते, शिवाय त्यांना हिवाळ्यात हीटरचं बिल कमी करायचंय, त्यांना २२ बरोबर आहे. करणाऱ्यांनी खोली गरम ठेवायची ६० टक्क्यांपर्यंत आणि गार ठेवायची ३० टक्क्यांपर्यंत ऊर्जा वाचेल असा दावा केलाय, तो तुम्ही मोठ्या अक्षरात छापलात, आणि २२ हा आकडा कुठंच नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

हे मी एवढं ठामपणे बोलतोय कारण मी यात हात पोळून घेतलेत. दोन वर्षांपूर्वी मोबाईलवर असंच काहीतरी बघून डोक्यात किडा शिरला. मार्केटमधनं मेणबत्तीचं १२ किलो मेण आणलं, जुन्या टीपॉयच्या खाली अॅल्युमिनियमचा ट्रे रिवेट करून बसवला, मेण वितळवून ओतलं, कडेनं सिलिकॉन मारलं, फिनिशिंग एकदम कंपनीसारखं. मे महिना, बाहेर ४० डिग्री, मी दर तासाला खाली वाकून नखानं मेण टोचून बघतोय आणि ते हू का चू करत नाही. चार दिवसांनी भाचा आला, तो अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. त्यानं बघितलं आणि खुर्चीत बसून हसायलाच लागला. म्हणाला, मामा हे मेण ५५-६० डिग्रीला वितळतं, खोली तेवढी तापली तर मेणाच्या आधी तुम्ही वितळाल.

मग मी हट्टानं तेच खोबरेल तेलाचं केलं. फेब्रुवारीत. स्टीलचे चपटे डबे, टीपॉयखाली चॅनेलवर सरकवलेले. सकाळी घट्ट, दुपारी पातळ, मी खूष. आठव्या दिवशी एका डब्याचं झाकण सुटलं आणि तेल फरशीवर, फरशीवरनं सोफ्याच्या कापडाला, आणि मग घरात मुंग्यांची जी रांग लागली ती पाडव्यापर्यंत हटली नाही. घरातनं काय काय ऐकून घेतलं ते इथं लिहीत नाही. आणि खोली गार झाली का, तर थर्मामीटरवर काही फरक दिसला नाही. होणार पण नव्हता, कारण खोबरेल तेल वितळताना जेवढी उष्णता घेतं ती चांगल्या मेणाच्या जेमतेम निम्मी, आणि माझे डबे किती तर चार.

भाच्यानं नंतर हिशोब मांडून दिला तो इथं देतो, कारण गिऱ्हाईक मला हाच प्रश्न विचारतं की एसीच्या मानानं किती. चांगलं मेण किलोला साधारण २०० किलोजूल उष्णता खातं वितळताना. टेबलात २० किलो भरलं, म्हणजे ४००० किलोजूल, म्हणजे सव्वा युनिटच्या आत उष्णता. एक टनाचा एसी तेवढी उष्णता किती वेळात बाहेर टाकतो? १९ मिनिटात. (हा टन म्हणजे एसीचं वजन नव्हे बरं का, शोरूमवाले पण चुकीचं सांगतात. पूर्वी बर्फाच्या लाद्यांनी गारवा करायचे, एक अमेरिकन टन बर्फ २४ तासात वितळताना जेवढी उष्णता घेतो तो तो टन. म्हणजे एसीसुद्धा वितळण्याच्या भाषेतच मोजतात, मला हे कळलं तेव्हा भारी वाटलं.) तर १९ मिनिटं, तेही सगळं मेण वितळलं तर, आणि दिवसातनं एकदाच. एसी जेवढी वीज खातो त्याच्या तिपटीहून जास्त उष्णता बाहेर टाकतो, म्हणून विजेत मोजलं तर युनिटचा तिसरा हिस्सा. आता २० किलो मेण, अॅल्युमिनियम आणि वर सागवानाचा टॉप धरून टेबल कितीला पडेल ते मी सांगत नाही, कोण म्हणेल मिस्त्री गिऱ्हाईक पळवून लावतोय.

मग आपल्याकडं हे होणारच नाही का? होईल, पण आकडा आपला पाहिजे. २८-२९ डिग्रीला वितळणारं काहीतरी. ऑक्टाडेकेन नावाचं शुद्ध मेण २८ ला वितळतं पण महाग फार. कॅल्शियम क्लोराईडचं पाणीदार मीठ २९ च्या आसपास वितळतं आणि स्वस्त आहे, पण ते अॅल्युमिनियम खातं, म्हणजे फ्रान्सवाल्यांचा पत्रा तसाच्या तसा वापरून चालायचं नाही, प्लॅस्टिकच्या पाऊचमधे भरावं लागेल. आणि असल्या मिठांचा अजून एक घोळ असतो. १९४८ साली अमेरिकेत मॅसेच्युसेट्समधल्या डोव्हर गावात मारिया टेल्केस या बाईंनी ग्लॉबर सॉल्ट भरून अख्खं घर थंडीत गरम ठेवायचा प्रयोग केला होता, ते मीठ ३२ डिग्रीला वितळतं. दोन-तीन हिवाळे घर छान चाललं, मग मीठ आणि पाणी वेगळं होऊन तळाला साका बसायला लागला आणि खेळ संपला. म्हणून कोण उद्या असलं टेबल विकायला आलं तर दोनच गोष्टी विचारा, किती डिग्रीला वितळतं आणि किती वेळा वितळून-गोठून झाल्यावर बाद होतं. मेणवालं असेल तर तिसरी, की मेण पेटतं, त्याची काय सोय केलीय.

आणि २९ चं भरलं तरी ते रात्री गोठायला पाहिजे ना. इथं खरी अडचण स्लॅब आहे. मेमधे पहाटे बाहेर छान गार असतं, पण माझ्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत पहाटे चारला ३१ दाखवतं, मी स्वतः थर्मामीटर टांगून बघितलंय. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खाली ओकत असतो. त्यात डासांच्या भीतीनं खिडक्या बंद. अशा खोलीत कुठलंच टेबल काय करणार, ते बिचारं २९ ची वाट बघत बसेल. आधी खिडकीला जाळी मारा आणि रात्री उघडी ठेवा, गच्चीवर पांढरा चुना मारा, पत्र्याचं घर असेल तर पत्र्यावर पाचट पसरा जसं खेड्यात करतात (फक्त बिडी ओढणाऱ्याला वर चढू देऊ नका), मग टेबलाचं बघू.

साताऱ्याकडं माझं आजोळ आहे, जुना वाडा, दोन-दोन फुटाच्या दगडमातीच्या भिंती. मेमधे दुपारी बाहेरनं आत शिरलं की अंगावरनं कोणीतरी ओला पंचा फिरवल्यासारखं वाटायचं. ते टेबल २० किलोत जे करू बघतं ते तिथं भिंती करत होत्या, वितळल्याशिवाय, नुसत्या वजनावर. एक ब्रास (शंभर घनफूट) काळा दगड एका डिग्रीनं तापला तरी त्या टेबलाएवढी उष्णता पोटात घेतो, आणि वाड्यात असे किती ब्रास असतील तुम्हीच बघा. आमच्या हरिपूरची हळदीची पेवं (हळद साठवायची जमिनीतली कोठारं) पण तीच अक्कल, जमिनीखाली ना दुपार ना रात्र. २००५ च्या पुरात त्यांची वाट लागली ते वेगळं. आता फ्लॅटमधे कोण दोन फुटाची भिंत बांधणार, मला पण कळतं, म्हणून तर लोक टेबलाकडं बघतात.

फर्निचरच पाहिजे असेल तर आपल्याकडं विजेशिवायचं होतंच की. बाज. खालनं हवा लागते, पाठ भिजत नाही. आता आम्हीच लोकांना फोमचे आणि रेक्झिनचे सोफे विकतो आणि मग त्याच्यावर बसून लोक एसी १८ वर लावतात, यात मी पण दोषी आहे, कबूल. दुसरं झोपाळा. झोपाळ्याएवढं हुशार फर्निचर नाही, बसणाराच स्वतःचा वारा तयार करतो. कडीला महिन्यातनं एकदा तेल, दुसरा खर्च नाही. आणि खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर पाणी. लिटरभर पाणी हवेत उडून जाताना २४०० किलोजूल घेऊन जातं, म्हणजे दोन लिटर पाणी २० किलो मेणाच्या टेबलाला भारी पडतं. पण हे कोरड्या हवेत, एप्रिल-मेमधे, आणि समोरची खिडकी उघडी पाहिजे. वळीव पडून हवा दमट झाली की पडदा गुंडाळून ठेवायचा, नाहीतर घरभर कुबट वास.

संपादकसाहेब, विनंती अशी की पुढच्या वेळी असलं काही छापाल तेव्हा टक्क्यांच्या शेजारी डिग्री पण छापा, आणि शेवटी एक ओळ टाका की इथल्या हवेत चालेल का.

त्या पहिल्या गिऱ्हाइकाला मी सांगितलंय, रोज सकाळी आंघोळीला जाल तेव्हा खोबरेलची बाटली हलवून बघा, ज्या दिवशी गोठलेली सापडेल त्या दिवशी या, टेबलाचं माप घेऊ. परवा आले होते, बाटलीचं काही बोलले नाहीत, झोपाळ्याच्या कड्या पितळी घेऊ का लोखंडी एवढंच विचारून गेले.

आपला,
एक फर्निचरवाला, सांगली