श्वास मोजायला एक मिनिट लागतं, तेवढं तरी सिस्टरला मिळू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हॉस्पिटलबद्दल पेपरात जी पत्रं येतात ती बहुतेक डॉक्टर, औषधं नाहीतर बिल याबद्दल असतात. मी मेडिकल-सर्जिकल वॉर्डात (औषधोपचाराच्या आणि ऑपरेशनच्या पेशंटच्या) नर्स म्हणून काम केलंय आणि आता तेच शिकवते, म्हणून जरा दुसऱ्या गोष्टीबद्दल लिहायचंय. डॉक्टर राऊंडला येतात, बघतात, ऑर्डर लिहितात आणि जातात, मग पुढच्या राऊंडपर्यंतचे जे तास असतात त्यात पेशंटवर नजर असते ती सिस्टरची किंवा ब्रदरची. ऑपरेशन छान झालेलं असतं, औषधं बरोबर लिहिलेली असतात, तरी या मधल्या तासांत बिघाड कुणाच्या लक्षातच आला नाही तर पेशंट हातचा जातो. आणि लक्षात येणं हे नशिबावर नसतं, ते शिकावं लागतं आणि त्याला वेळ लागतो.

श्वासाचंच घ्या. नाडी, बीपी, ऑक्सिजन मशीन सांगतं, पण साध्या वॉर्डात श्वास मोजायला सहसा मशीन नसतं, घड्याळ धरून पेशंटच्या छातीकडे पूर्ण एक मिनिट बघावं लागतं, तेही त्याच्या नकळत, कारण आपला श्वास मोजतायत हे कळलं की तो आपोआप बदलतो. घाईत नेमकं हेच सुटतं. कितीतरी चार्टवर सगळ्या पेशंटपुढे १८ नाहीतर २० लिहिलेलं सापडेल, मग तो न्यूमोनियाचा असो की हर्नियाचा. खरं तर माणूस बिघडायला लागला की पुष्कळदा पहिला बदल श्वासातच दिसतो, फुप्फुसात इन्फेक्शन असेल, सेप्सिसमुळे (इन्फेक्शनने सगळ्या शरीराचं काम बिघडायला लागतं त्यामुळे) रक्तात ॲसिड वाढत असेल, आत कुठे रक्तस्राव होत असेल, शरीर श्वास वाढवून भरपाई करायला बघतं. बीपी मात्र ते जमेल तितकं टिकवून धरतं. धडधाकट माणसाचं १५ ते ३० टक्के रक्त गेलं तरी आडवं असताना वरचं बीपी जवळजवळ नॉर्मल येऊ शकतं, म्हणून "बीपी चांगलंय ना, मग झालं" हे ऐकलं की मला अजूनही धास्ती वाटते.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये पेशंट बिघडतोय का हे वेळीच सांगणारा 'न्यूज' (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) नावाचा स्कोअर आणला आणि २०१७ मध्ये तो सुधारला. श्वास, ऑक्सिजनची पातळी, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे का, वरचं बीपी, नाडी, पेशंट पूर्ण शुद्धीवर आहे का आणि ताप, प्रत्येकाला मार्क द्यायचे. एकूण ५ झाले तर डॉक्टरांनी तातडीने येऊन बघायचं, ७ झाले तर इमर्जन्सी समजायची. मिनिटाला २५ किंवा जास्त श्वास असतील तर त्या एकट्याचेच ३ मार्क, आणि एकाच गोष्टीला ३ आले तरी पेशंट लगेच बघून घ्यायचा असतो. आता चार्टवर न मोजता २० लिहिलं तर त्या रकान्याचा मार्क शून्य, म्हणजे स्कोअर असूनही आंधळा.

पण स्कोअर पूर्ण आणि बरोबर भरला तरी काम तिथे संपत नाही, तिथून पुढे डोकं लावायचं असतं. नाडी ८८ आहे, छान आहे, पण पेशंट घरी बीटा ब्लॉकरची, म्हणजे नाडी मंद ठेवणारी गोळी घेतो, म्हणजे रक्त जात असलं तरी त्याची नाडी फारशी वाढणारच नाही. ऐंशीच्या आजी आहेत, ताप नाही, पण सकाळपासून गप्प आहेत, जेवण पुढे केलं तर तोंड फिरवतात, नातवाला ओळखलं नाही, म्हाताऱ्या माणसात सेप्सिस असाच येऊ शकतो, तापाशिवाय. ऑपरेशननंतर मॉर्फिन दिलेला पेशंट आहे, मास्कवर ऑक्सिजन ९७, बघणाऱ्याला वाटतं शांत झोपलाय, पण आवाज दिला की डोळे उघडतो आणि बोलता बोलता परत झोपतो, हे सुस्तावणं श्वास मंदावण्याच्या आधी येतं, आणि बाहेरून ऑक्सिजन चालू असल्यामुळे आकडा बराच वेळ चांगलाच दिसत राहतो. उलट सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) ज्या पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो त्याला ९० ठीक आहे, त्याचं टार्गेटच ८८ ते ९२ असतं, तिथे घाबरून ऑक्सिजन वाढवला तर नुकसान होईल. म्हणजे आकडा कुणाचा आहे हे माहीत नसेल तर तो वाचताच येत नाही.

मला सगळ्यात काळजी वाटते ती बेचैन पेशंटची. रात्री तो उठून बसतो, सलाईनची नळी ओढतो, नातेवाईक वैतागतात, शेजारचे पेशंट ओरडतात आणि कुणीतरी म्हणतं याला झोपेचं इंजेक्शन द्या. आधी बघायला हवं की ऑक्सिजन कमी झालाय का, शुगर ७० च्या खाली आहे का, ड्रेनमध्ये (ऑपरेशनच्या जागेतून स्राव बाहेर काढणाऱ्या नळीत) एकदम लाल वाढलंय का, पाठीखालची चादर ओली लागतेय का (ड्रेसिंग वरून कोरडं दिसतं आणि रक्त मागे उतरलेलं असतं), दुखतंय पण सांगता येत नाहीये का. लघवीची पिशवी रिकामी असेल तर नळी मुडपलीय का ते आधी बघायचं, कधीकधी लघवी आत तुंबलेली असते आणि नळी सरळ केली की माणूस शांत होतो. नळी ठीक असेल आणि साठ किलोच्या माणसाला तासाला ३० मिली सुद्धा लघवी होत नसेल तर मात्र गप्प बसायचं नाही. हे काहीच न बघता इंजेक्शन दिलं तर बिघाडाची एकमेव खूण आपण आपल्या हाताने पुसून टाकतो.

अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापक क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये हे फार सोप्या शब्दांत मांडलं, आधी लक्षात येणं, मग अर्थ लावणं, मग कृती आणि नंतर त्यावर विचार. तिथल्या लायसन्सच्या परीक्षेत एप्रिल २०२३ पासून याच निर्णयक्षमतेवर पेशंटच्या केस देऊन प्रश्न येतात. माझं म्हणणं असं की पहिली पायरी, लक्षात येणं, तीच मुळी पेशंटजवळ उभं राहायला मिळालं तर होते. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या हॉस्पिटलांमधल्या सर्जरीच्या पेशंटचा अभ्यास छापला, त्यात एका नर्सकडे एक पेशंट जास्त झाला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, २०१४ मध्ये युरोपातल्या ९ देशांच्या अभ्यासातही जवळपास तेच आलं. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, २००५ पासून मेडिकल-सर्जिकल वॉर्डात एका नर्सला जास्तीत जास्त ५ पेशंट. जिथे एकाच सिस्टरकडे याच्या तिप्पट-चौपट पेशंट असतात आणि त्यात औषधांचे इंडेंट (मागणीचे कागद), बिलाचे कागद, रिपोर्टसाठी फोन हेही तिच्याच माथी असतं, तिथे ती श्वास मोजणार कधी?

दुसरं, लक्षात आल्यावर बोलायची मुभा. डॉक्टरांना फोन करताना परिस्थिती, पार्श्वभूमी, स्वतःचा अंदाज आणि काय हवंय हे या क्रमाने सांगायची 'एसबार' पद्धत सगळीकडे शिकवतात. पण अंदाजापाशी मुली अडखळतात, आकडे सांगतात आणि गप्प होतात. "सर, मला वाटतंय आत रक्तस्राव होतोय, तुम्ही आत्ता येऊन बघा" हे वाक्य म्हणता आलं पाहिजे, आणि अंदाज चुकीचा निघाला तरी तिच्यावर कुणी ओरडता कामा नये, कारण एकदा रात्री दोनला बोलणी खाल्ली की पुढच्या वेळी ती सकाळच्या राऊंडची वाट बघते, आणि तेवढ्या तासांत सेप्सिस कुठल्या कुठे जातो. डॉक्टर मंडळींना माझी ही अगदी हात जोडून विनंती आहे.

नातेवाईकांनाही सांगायचंय. इंग्लंडमध्ये २०२४ पासून 'मार्थाज रूल' सुरू झालाय, पेशंट बिघडतोय असं घरच्यांना वाटलं तर त्यांना दुसऱ्या टीमकडून तातडीने तपासून घ्यायची मागणी करता येते. तसा नियम नसेल तिथेही तुम्ही सिस्टरला जरूर बोलवा, फक्त "कसंतरी करतायत" एवढ्यावर थांबू नका. काल बोलत होते आणि आज शब्द अडखळतायत, हे कधीपासून, शेवटचं कधी खाल्लं, घरी कुठल्या गोळ्या चालू होत्या, दारूची सवय आहे का, हे न लपवता सांगा. तुम्ही त्यांना वर्षानुवर्षं ओळखता, आम्ही कालपासून ओळखतो.

आपली,
मेडिकल-सर्जिकल नर्सिंग शिकवणारी एक सिस्टर