तो चिडका बाप कोणी केला होता?

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर विचारलंत ना, ‘एक रुका हुआ फैसला’मध्ये पंकज कपूरने केलेलं काम मूळच्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये कोणी केलं होतं म्हणून? ली जे. कॉब. १९५७च्या त्या सिनेमात हेन्री फोंडाशी शेवटपर्यंत भांडणारा, मुलाचा फोटो फाडून मग कोसळणारा धिप्पाड गृहस्थ.

याला म्हातारपण तरुणपणीच चिकटलं. जन्म १९११चा, न्यूयॉर्कचा. १९३९च्या ‘गोल्डन बॉय’मध्ये तो विल्यम होल्डनचा बाप झाला, तेव्हा बापलेकांत अंतर जेमतेम ६ वर्षांचं! (पंकज कपूर तरी कुठे म्हातारा होता म्हणा, तिशीतलाच.)

मग १९४९च्या फेब्रुवारीत ब्रॉडवेवर आर्थर मिलरचं ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ आलं. त्याचा नायक, थकलेला फिरता विक्रेता विली लोमन, ६३ वर्षांचा; तो करणारा कॉब ३७चा. मिलरच्या मनातला विली अंगाने लहानखुरा होता. कॉबसाठी संवादातला एक शब्द बदलावा लागला. नाटकाचे ७४२ प्रयोग झाले, पण कॉबने मधेच काम सोडलं. १९५१च्या सिनेमात विली झाला फ्रेडरिक मार्च.

सुदैवाने १९६६मध्ये टीव्हीसाठी कॉबने तो पुन्हा केला. तेच चित्रण मी पाहिलं. तरुण मालकापुढे विली पगार मागतो तो प्रवेश बघाच. मालक ध्वनिमुद्रणाच्या नव्या यंत्रावर पोरांचे आवाज ऐकवण्यात दंग. विली आठवड्याला ६५ डॉलर मागतो, मग ५०, मग ४०. एवढा दांडगा माणूस आकड्यागणिक आक्रसत जातो. बारीक चणीच्या नटाला हे साधलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

आई, तुला न रुचणारी गोष्टही सांगते. कम्युनिस्ट हुडकणाऱ्या अमेरिकन काँग्रेसच्या समितीला त्याने दोन वर्षं दाद दिली नाही. मग कामं बंद, पैसे संपले, बायको मनोरुग्णालयात. १९५३मध्ये त्याने कम्युनिस्ट म्हणून २० जणांची नावं दिली. त्याची कोंडी मला कळते, पण त्या विसांनाही घरसंसार होतेच की. पुढच्याच वर्षी ‘ऑन द वॉटरफ्रंट’ आला. दिग्दर्शक इलिया कझान, ‘सेल्समन’ बसवणारा तोच, आणि नावं देऊन आलेलाही. त्यात मार्लन ब्रँडो ज्याच्याविरुद्ध साक्ष देतो, तो गोदीतला गुंड म्हणजे कॉब! १९५५मध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा हॉस्पिटलचं बिल गायक-नट फ्रँक सिनात्राने भरलं.

दिवाळीत आले की लॅपटॉप टीव्हीला जोडून देते. बोलणं अडेल तिथे सांगेन. आणि आई, तू विलीच्या बायकोकडे लक्ष ठेव. मिल्ड्रेड डनक. ब्रॉडवेवर, सिनेमात आणि टीव्हीवर, तिन्हीकडे लिंडा तीच आहे. बाबा कॉबचं कौतुक करत बसतील, मला वाटतं तू तिच्या बाजूने भांडशील.

तुमची,
मनू