तन्मयच्या खोलीबद्दल

लीड्स, १४ जुलै

ती. बाबांस,
सा. न.

तन्मयला माटुंग्याला प्रवेश मिळाल्याचं आईने फोनवर सांगितलं. पाठोपाठ हेही, की मामांच्या ओळखीने विरारला खोली ठरतेय, सगळ्यात वरच्या मजल्यावर, सहा मुलं, भाडं किरकोळ. मी काही बोलले की तुम्ही म्हणणार, "शिकतलो तो खयंय शिकतलो." तुम्ही कंदिलावर दहावी झालात, मान्य. पण तो कंदील वेंगुर्ल्याच्या पडवीत होता, वारं खेळत होतं आणि शाळा हाकेच्या अंतरावर होती. हे तुम्ही कधी हिशेबात धरत नाही.

माझी इथली पहिली खोली फोटोत छान दिसायची. इंग्लंडात पाच किंवा जास्त परकी माणसं एका घरात ठेवायची तर मालकाला परवाना लागतो आणि एकट्याची झोपायची खोली ६.५१ चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण ७० चौरस फुटांपेक्षा, लहान चालत नाही. माझी त्या मापात बसत होती. गारव्याचं काय? बिल पाच जणींत वाटायचं म्हणून हीटर सकाळ-संध्याकाळ थोडा वेळच. कपडे आतच वाळत, स्वयंपाकाची वाफही आतच. ती बाहेरच्या गार भिंतीवर पाणी होऊन बसते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. आपल्याकडे आषाढात चपलांवर येते तशी, पण इथे सगळा हिवाळाभर. जागतिक आरोग्य संघटना थंडीत घरात निदान १८ अंश हवेत म्हणते. माझ्या टेबलाशी बोटं आखडायची, रात्री खोकला, आणि सकाळच्या लेक्चरला मी नुसतीच हजर. घरमालकाचं उत्तर एकच, खिडकी उघडा. बाहेर बर्फ!

या सत्रात मार्क वाढले ते खोली बदलल्यामुळे. आईने आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड कबूल केलाच असेल तर जरूर द्यावा, माझी हरकत नाही.

तन्मयचा प्रश्न उलटा, उकाड्याचा. बॉस्टनमध्ये २०१६ च्या उन्हाळ्यात हार्वर्डच्या संशोधकांनी ४४ विद्यार्थ्यांची १२ दिवस रोज सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर चाचणी घेतली. काही एसीच्या खोल्यांत राहणारे, काही बिनएसीच्या. बिनएसीवाल्यांना उत्तर द्यायला सुमारे १३ टक्के जास्त वेळ लागला, बेरीज-वजाबाकीतही ते मागे पडले. सगळी तरुण, धडधाकट मुलं. गंमत म्हणजे बाहेरची लाट ओसरल्यावर फरक आणखी वाढला, कारण इमारती आतून तापलेल्याच राहिल्या. स्लॅबखालच्या खोलीला वेगळं काय होणार? तन्मयला एसी द्या असं मी म्हणत नाही. वरचा मजला तेवढा टाळा.

शिवाय विरारहून लोकलने जाऊन-येऊन तीन तास जातील, तेही उभ्याने. तो वेळ झोपेतून कापला जाणार, आणि दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेतच.

तेव्हा आधी कॉलेजच्या हॉस्टेलचा अर्ज टाका. नाहीच मिळालं तर वडाळा-सायनकडे दोघांत एक खोली बघा, लहान चालेल. ती बघायला दुपारी तीनला जा, मामांसोबत चहा पिऊन संध्याकाळी नको. खिडकी बाहेर उघडते का डक्टमध्ये, पाणी किती वाजता येतं, टेबल मावतं का, एवढं विचाराच.

डिपॉझिटला कमी पडलं तर सांगा. इथे आठवड्याला २० तास काम करायची परवानगी असते, त्यातले थोडे पैसे बाजूला आहेत. तन्मयला मात्र ते माझे आहेत हे सांगू नका, उगाच मिजास करेल.

आजीला नमस्कार.

तुमची,
मुक्ता