‘आज काय गावलं?’ असं विचारा

महोदय,

गेल्या डिसेंबरात आम्ही घरचे सगळे मालवणला गेलो होतो. बंदराजवळच्या एका घरगुती खानावळीत सुरमईचं ताट मागितलं, तर काकूंनी सरळ सांगितलं, “सुरमय आज गावली नाय, पण बांगडे सकाळचेच आसत.” मग तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी आणि वर सोलकढी. तशी चव मला शहरातल्या महागड्या हॉटेलात कधीच मिळाली नाही.

शेजारच्या टेबलावरची मंडळी मात्र सुरमई नाही म्हणून उठून गेली. फार वाईट वाटलं. समुद्र काही रोज एकच मासा देत नाही. 1 जून ते 31 जुलै तर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदीच असते. तेव्हाही आपण पापलेटचाच हट्ट धरतो आणि मग बर्फातलं पानात पडतं. त्या दिवसांत सुक्या जवळ्याची चटणी, भाजलेला सुका बांगडा मागून बघा!

खानावळवाल्यांना विनंती, त्या दिवशीचा ताजा मासा दारातल्या फळ्यावर खडूने लिहावा. आणि पर्यटकांनी तो वाचूनच ताट सांगावं.

– एक वाचक, कोल्हापूर