रक्तदाबाचे शिक्षण बांधापर्यंत न्या

संपादक महोदय,

‘दिवसभर शेतात राबतो, घाम गाळतो, आम्हाला कसला आलाय बीपी?’ हा समज शेतकरी कुटुंबांत खोलवर रुजला आहे. पण उच्च रक्तदाब बहुधा कोणतेच लक्षण दाखवत नाही. डोके दुखत नाही म्हणून निर्धास्त असलेला माणूस कित्येकदा पक्षाघात झाल्यावरच दवाखान्यात पोहोचतो. कष्टाचा फायदा होतोच, मात्र जास्तीचे मीठ, तंबाखू आणि दारू यांची भरपाई त्यातून होत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. घाम येतो म्हणून वरून घेतलेले मीठ त्यात कोण मोजतो?

भिंतीवर पत्रके चिकटवून हे बदलणार नाही. ऐन पेरणीत भर दुपारी शिबिर भरवले तर येणार कोण? कामे उरकल्यावर, संध्याकाळी, वस्तीवरच तपासणी व्हावी. तीही घाईघाईत नको. पाच मिनिटे शांत बसवून, पाठीला टेकू देऊन, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून मोजावे. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त आकडा आला, तर डॉक्टरांकडे पाठवावे.

सर्वांत मोठी अडचण त्यानंतर येते. बरे वाटले की गोळी बंद! गोळी चालू आहे म्हणूनच रक्तदाब आटोक्यात आहे, हे गावातल्याच एखाद्या रुग्ण शेतकऱ्याने सांगितले तर लोक ऐकतात. आरोग्य खात्याने अशा माणसांना हाताशी धरून प्रशिक्षण द्यावे.