करवतीचा रिले निवडताना

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. बटण बंद करूनही करवत फिरतच राहिली तेव्हा तू सरळ प्लग ओढलास, हे फार चांगलं केलंस. नवा रिले, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच, बसेपर्यंत ती अजिबात चालवू नकोस. रिलेमधले चिकटलेले कॉन्टॅक्ट, म्हणजे करंट जोडणारे धातूचे ठिपके, टकटक केल्यावर सुटतात, पण पुन्हा कधी चिकटतील याचा नेम नाही, आणि तुझी बोटं पात्यापाशी असतात.

आता तू शोधलेल्या रिलेबद्दल. आकार तोच, पिनाही त्याच, वर ३० अँपिअर छापलंय आणि मोटर ८ घेते, म्हणजे भरपूर झालं, असं तू लिहितेस. हा हिशेब हीटरला चालतो, मोटरला नाही. ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा रेझिस्टिव्ह लोडचा, म्हणजे हीटरसारख्या भाराचा असतो. तुझी दीड हॉर्सपॉवरची इंडक्शन मोटर सुरू होताना पाटीवरच्या करंटच्या पाच ते सात पट खेचते, म्हणजे ४० ते ५६ अँपिअर. तेही नेमके कॉन्टॅक्ट मिटताना. मिटताना ते क्षणभर एकमेकांवर आपटून उसळतात, प्रत्येक उसळीला ठिणगी पडते, चांदीचा थर वितळतो आणि दाबाखाली तसाच गोठतो. जुना रिले फोडून बघ, कॉन्टॅक्टच्या तोंडावर खडबडीत फोड आलेला दिसेल.

म्हणून डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, मोटर लोडची ओळ शोध. ती हॉर्सपॉवरमध्ये असते, नाहीतर एफएलए आणि एलआरए असे दोन आकडे असतात: पहिला पूर्ण भारावरचा करंट, दुसरा रोटर अडकलेला असतानाचा. ही ओळच नसेल तर तो रिले सोडून दे, कितीही अँपिअर लिहिलेले असोत. चेंजओव्हर, म्हणजे दोन बाजूंमध्ये बदलणारा रिले असेल तर नॉर्मली ओपन, म्हणजे एरवी उघडी असलेल्या बाजूचाच आकडा बघ. दुसऱ्या बाजूचा बहुधा कमी असतो. काँटॅक्टर, म्हणजे रिलेचाच मोठा भाऊ, लावायचा झाला तर एसी-३ चा (मोटरचा) आकडा धर, एसी-१ चा (हीटरसारख्या भाराचा) नको. कॉन्टॅक्ट सिल्व्हर टिन ऑक्साइडचे मिळाले तर घेच, ते सहजी चिकटत नाहीत.

कॉइलचं, म्हणजे कॉन्टॅक्ट ओढणाऱ्या वेटोळ्याचं, काम सोपं आहे. जुन्यावर १२ व्होल्ट डीसी असेल तर नवीही तीच हवी. रेझिस्टन्सही मोज: १५५ ओहमची कॉइल सुमारे ७७ मिलिअँपिअर घेते, ७५ ओहमची त्याच्या दुप्पट, आणि तेवढा भार बोर्डवरच्या छोट्या ट्रान्झिस्टरला झेपेलच असं नाही.

एका गोष्टीवर मी हटून बसणार आहे. लॅचिंग रिले, म्हणजे वीज गेल्यावरही आहे त्याच स्थितीत राहणारा, घेऊ नकोस, दिसायला तसाच असला तरी. वीज गेली की रिले सुटला पाहिजे आणि वीज आल्यावर तू बटण दाबल्याशिवाय करवत फिरता कामा नये. सॉलिड स्टेट, म्हणजे कॉन्टॅक्टऐवजी सेमीकंडक्टर असलेला रिलेही या जागी मला नको, कारण तो बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊनच बिघडतो, म्हणजे करवत पुन्हा चालूच राहणार. नवा रिले बसला की पातं काढून मोटर सुरू कर, चालू असतानाच प्लग ओढ आणि परत लाव. ती गप्प राहिली तरच पातं चढव.

आणि रिले का गेला तेही बघ. स्टार्टचा कपॅसिटर उतरला असेल तर मोटर वेग घ्यायला रेंगाळते, तेवढा वेळ जड करंट वाहत राहतो आणि नवा रिलेही लवकर जाईल. कपॅसिटरला हात लावण्याआधी तो रेझिस्टर लावून डिस्चार्ज कर, प्लग काढलेला असला तरी.

मागवण्याआधी मोटरच्या पाटीचा आणि जुन्या रिलेच्या अंगावरच्या अक्षरांचा फोटो मला पाठव. मी रात्री बघून कळवते.

तुझी,
आई