नाना, पाण्याचा हिशेब तुम्ही शिकवलात

नाना, नमस्कार!

घरी येऊन थँक्यू म्हटलं की तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषयच बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्ही मोबाईल बघत नसला तरी काकू वाचून दाखवतीलच.

बाकीच्यांसाठी सांगते, आमचा ३० जणांचा ग्रुप या आठवड्यात कच्छला निघालाय, कडिया ध्रोच्या बाजूला, तिथं ठिकठिकाणचे ट्रेकिंगवाले दोन रात्री तंबू टाकून एकत्र राहणार, गाणी, आकाशदर्शन, घळीतनं भटकंती असं सगळं. कडिया ध्रो म्हणजे नदीनं आणि वाऱ्यानं कोरलेली रंगीत वालुकाश्माची घळ, २०२१ ला न्यूयॉर्क टाइम्सनं जगभरातल्या आवडत्या ५२ ठिकाणांच्या यादीत घेतली तेव्हापासून फोटो सगळीकडं फिरतायत. पण फोटोत हे दिसत नाही की जवळपास दुकान नाही, नळ नाही, सावली बेताची, आणि प्रत्येक ग्रुपनं आपलं पाणी, जेवण, तंबू सगळं आपलं आपण न्यायचं.

आम्ही पन्हाळा-पावनखिंड भर पावसात चालणारी माणसं. आपल्याकडं पाण्याची काळजी म्हणजे ते जास्त झाल्याची. पण मी तुम्हाला पहिल्यांदा बघितलं ते २०१९ च्या महापुरात, शाळेत लोकांना ठेवलं होतं तिथं पाण्याचे जार मोजताना. शहरात सगळीकडं पाणी आणि उपसा केंद्रं बुडाल्यामुळं नळाला थेंब नाही, तेव्हा बाकी सगळे जेवणाच्या पाकिटांच्या मागं होते आणि तुम्ही एकटे विचारत होता की उद्या सकाळी ही माणसं पिणार काय. फौजेत आयुष्यभर राशन-सप्लाय बघितलेला माणूस, जैसलमेरकडं पोस्टिंग झालेला. म्हणून कच्छचं ठरल्यावर मी आधी तुमच्याकडं आले.

तुम्ही तंबूचं काही विचारलंच नाही, कागद घेतला आणि लिहिलं: माणशी दिवसाला ५ लिटर, पिणं आणि स्वयंपाक धरून. ३० माणसं, ३ दिवस, झाले ४५० लिटर. वर एका दिवसाचं राखीव १५०, ज्याला कुणी हात लावायचा नाही. एकूण ६०० लिटर, म्हणजे २० लिटरचे ३० जार, वजन ६०० किलो. तो आकडा बघितल्यावर आमचं सगळं प्लॅनिंगच फिरलं, कारण शेवटचा टप्पा कच्चा, जार उतरवून न्यायचे तर माणसं किती, कुणाच्या हातात काय, आणि सगळं पाणी एका गाडीत ठेवायचं नाही, ती गाडी अडकली तर काय, हे सगळं त्या एका कागदातनं निघालं. अंघोळ, भांडी धुणं यादीतनं गेलं. ताटं पुसून घ्यायची. घळीतल्या डोहात साबण लावायचा नाही, ते पाणी जनावरांचं आणि गुराख्यांचं आहे हे तुम्ही ज्या आवाजात सांगितलंत ना, त्यानंतर कुणी वाद घातला नाही.

आणि नुसतं पाणी ढोसून चालत नाही, घामातनं मीठ जातं, ते भरून यायला हवं, हे मला खरंच माहीत नव्हतं. आता प्रत्येकाच्या खिशात ओआरएसची पाकिटं आहेत. ती संपली तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, सपाट भरलेला.

मसाई पठारावरची ती रात्र तर कुणी विसरणार नाही. तुम्ही म्हणालात पठारावर आडोसा नाही, पाणी वर न्यावं लागतं, वारा सुटतो, सराव इथंच करा. वाळूत खुंट्या धरत नाहीत म्हणून रिकाम्या पोत्यात वाळू भरून दोरी बांधून ती पुरायची, हे वाळू खालनं नेऊन करून दाखवलंत! या वयात, त्या थंडीत, आमच्याबरोबर उघड्यावर झोपलात. वाळवंटात रात्री गारठा कसा पडतो तेही तिथंच सांगितलंत, हवा कोरडी, आकाश मोकळं, दिवसाची उष्णता सगळी वर निघून जाते, म्हणून अंगावरच्या पांघरुणाइतकंच अंगाखालचं जाड पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत कच्छातलं नलिया गुजरातमधल्या सगळ्यात थंड गावांत असतं. आमच्या पोरांनी उन्हाच्या टोप्या घेतल्या होत्या, आता कानटोप्या पण आहेत.

नदीच्या कोरड्या पात्रात तंबू टाकायचा नाही, कितीही सपाट, मऊ दिसलं तरी, पाऊस लांब वर कुठंतरी पडतो आणि लोंढा अरुंद घळीत येतो. हिवाळ्यात तिथं पाऊस क्वचितच, तरी तुम्ही ऐकलं नाहीत, उंचावरचीच जागा. बरोबर आहे तुमचं. फुरसं हा विषारी साप आपल्याला कोकणामुळं माहीत, कच्छात पण आहे, म्हणून रात्री टॉर्चशिवाय पाऊल नाही, दगड हातानं उचलायचा नाही, बूट झटकून घालायचे, आणि चावलंच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, सरळ दवाखाना. तो कुठं आहे, रस्ता कुठला, हे पण तुम्ही आधीच शोधायला लावलंत.

काकू, तुमचे पण आभार. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भडंग, सगळं टिकणारं. खर्डा थोडाच दिलात, तहान लागते म्हणून, त्यावर पोरं कुरकुरली पण नाना म्हणाले ते खरं, तिथं तहान वाढवणारं काही नको.

इतक्या संध्याकाळी दिल्यात नाना, एक रुपया घेतला नाहीत, पेट्रोलचे सुद्धा नाही. आमच्यातल्या कितीजणांच्या आईवडिलांनी "नानांनी बघितलंय ना सगळं?" एवढंच विचारून परवानगी दिली, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून मी सांगते.

आता शेवटचं. तुमच्याच नियमाप्रमाणं सगळ्यांची नावं, रक्तगट, घरचे नंबर, गाड्यांचे नंबर आणि तंबूची जागा लिहिलेला कागद उद्या तुमच्याकडं पोच करते. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत रेंजमध्ये येऊन फोन करायचा असं ठरलंय, आठपर्यंत नाही आला तर त्याच कागदावरचा पहिला नंबर लावायचा. तेवढा दिवस फोन चार्ज करून जवळ ठेवा.

तुमची,
ग्रुपमधली सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी